जाड तारांची खाच

"काका, वयात आल्यावर मुलांचा आवाज फुटतो, तसा गिटारचा फुटतो का हो?"

प्रश्न चिमणीचा नव्हता. तो लांबडी आणि चष्मिश या तिच्या दोन जिवलग वैरिणींनी मधल्या सुट्टीत डबा खाताना तयार केला होता. पैज अशी, की जिन्याखालच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात जाऊन तो न हसता विचारायचा. हसली तर आठवडाभर दोघींची दप्तरं हिने वाहायची. दोघी आत्ता रस्त्यापलीकडे एका टेम्पोमागे दडल्या होत्या आणि टेम्पोखालून त्यांचे चार बूट एकमेकांना लाथा मारताना स्वच्छ दिसत होते.

चिमणी हसली नाही. गंमत म्हणजे तिला हसू आलंच नाही. प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला याचं उत्तर खरंच हवंय, आणि तेही शनिवारच्या आत.

मिस्त्री डोळ्यावर भिंग बांधून एका उघड्या अँप्लिफायरच्या पोटात डाग देत होता. मान वर न करता म्हणाला, "फुटतो. पण आपोआप नाही. फोडावा लागतो." मग भिंग वर सरकवून त्याने तिच्या पाठीवरची पिशवी पाहिली. "गिटार कोणाचं?"

"आमचं."

"आणि आवाज कोणाचा कमी पडतोय?"

"कमी नाही पडत," चिमणी म्हणाली. "खाली पडतो."

ते त्यालाही ऐकू आलंच होतं. चिमणीचा आवाज ऐकून लोक आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते बघत. घरात तिला चिमणी म्हणायचे कारण जन्मली तेव्हा ती मुठीएवढी होती. तिच्या गळ्यातून पुढे काय निघणार आहे याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती. वर्गात तिला भोंगा म्हणत. बाबांच्या शिलाईच्या दुकानाचा फोन तिने उचलला तर गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, पँट झाली का?" आणि ती म्हणायची, "उद्या या," आणि गिऱ्हाइकं उद्या यायची. शाळेत प्रार्थनेला संगीताच्या बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, की तू फक्त ओठ हलव. दोन वर्षं तिने इमानेइतबारे ओठ हलवले होते.

मग यंदा क्रीडादिनाला माइक बंद पडला. मुख्याध्यापक टकटक करत राहिले, सहाशे मुलं कलकलाट करत राहिली, आणि निकालाचा कागद हातात धरून उभ्या असलेल्या चिमणीने वैतागून तो नुसताच वाचला. शेवटच्या रांगेतल्या पोरांनी नंतर येऊन सांगितलं, की एक अक्षर चुकलं नाही. तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. तिने एक गाणं रचलं. लांबडीला बादल्यांवर ताल धरायला लावलं, चष्मिशला कीबोर्ड उचलायला लावला, आणि शाळेच्या संमेलनाच्या निवडीत नाव देऊन टाकलं. निवड शनिवारी अकराला.

अडचण एवढीच होती, की गिटारवर ती चाल जिथे वाजायची तिथे तिचा आवाज पोचायचा नाही. चढायला गेली की दाराची कडी घासल्यासारखा व्हायचा. चष्मिश म्हणाली होती, "तू वाजव. मी गाते. माझा पोचतो." तिने ते अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं होतं.

"गा," मिस्त्री म्हणाला.

"इथे?"

"मग काय पोस्टात जाऊन गाणार?"

तिने डोळे मिटले आणि तिला जिथे सोपं पडतं तिथून सुरू केलं.

*जिन्याखाली राहतो माझा आवाज,*
*वर बोलावू नका त्याला, तुम्हीच खाली या.*

मिस्त्रीने डाग द्यायचं हत्यार स्टँडला लावलं. पिशवीतून गिटार काढलं, मांडीवर घेतलं आणि तिच्या आवाजाच्या मागे मागे एकेक स्वर चाचपडत गेला. गिटारच्या तारा संपल्या, तिचा आवाज अजून खालीच होता.

"पाच घरं," तो मानेवरच्या पट्ट्यांमधल्या जागा बोटाने मोजत म्हणाला. "तुझं गाणं या गिटारच्या पाच घरं खाली बसतं. बोटं तीच, चाल तीच, सगळा मुक्काम खाली हलवायचा. याला बॅरिटोन म्हणतात."

"होतं तसं?"

"दोन प्रकारे. एक, ही मान काढून लांब मान बसवायची. ती मागवायला महिना. दोन, याच मानेवर जाड तारा चढवायच्या आणि खाली लावायच्या. पण जाड तारा इथे मावत नाहीत." त्याने मानेच्या टोकाच्या पांढऱ्या पट्टीवर नख ठेवलं. सहा बारीक खाचांची हाडाची पट्टी, प्रत्येक तार एकेका खाचेतून जाणारी. "हा नट. याच्या खाचा रुंद करायच्या. मागे ब्रिज, म्हणजे तारांचं दुसरं टेकण, सरकवायचा. मानेतली सळई बघायची. पुढच्या सोमवारी घेतो हातात."

"शनिवारी आहे."

"माझ्याकडे रांग आहे, पोरी. फार तर उद्या ये, बाजूला बसून शीक. आपलं आपण कर." त्याने खणातून एक तुटका नट काढून तिच्या तळहातावर ठेवला. "खाच तारेच्या मापाची. तार खाचेत बसली पाहिजे, लोळली नाही पाहिजे. आणि जाड तार खुंटीच्या भोकात जात नाही, तेव्हा टोकाचं वरचं वेटोळं सोलून आतली तार घालायची. बाकीचं उद्या. अर्धवट ऐकून जाऊ नकोस."

पण चिमणीने जाड तारांचं पाकीट मागून घेतलं होतं, आणि तिचं अर्धं लक्ष पाकिटात आणि अर्धं शनिवारात होतं. मिस्त्रीच्या वाट्याला फारसं काही उरलं नव्हतं.

"काय म्हणाला?" टेम्पोमागून लांबडीने विचारलं.

"फुटतो म्हणाला."

दोघी इतक्या हसल्या, की टेम्पोवाला जागा झाला. चिमणी मात्र तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती.

घर म्हणजे पुढे शिलाईचं दुकान आणि मागे दोन खोल्या. बाबा कापायचे आणि शिवायचे. आई काजं, बटणं आणि हातशिलाई करायची, आणि फोनवर बोलायची. आईचा फोनवरचा आवाज बारीक, जपून ठेवलेला, कपबशी आवाज न करता टेबलावर ठेवावी तसा. गिटार ट्रायलरूमच्या आरशाशेजारी खिळ्याला असायचं. बाबांनी एका ऑर्केस्ट्राचे कोट शिवले होते. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यातल्या गिटारवाल्याने ते आठवण म्हणून दिलं. बाबांना एक सूर वाजवता येत नव्हता, पण दर रविवारी ते अस्तराच्या कापडाने ते पुसायचे. चिमणीने दोन वर्षांपूर्वी शिकायला घेतलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. "हात लाव. हत्यार लावू नकोस."

त्या दिवशी ती घरी पोचली तर आईने आनंदाने बातमी दिली. मावशीने सुचवलेल्या, आवाज सुधारून देणाऱ्या एक बाई शनिवारपासून शिकवायला तयार झाल्या होत्या. घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की सगळं ठणठणीत आहे, आवाजच असा ढाला, खालच्या पट्टीतला आहे. पण बाई म्हणे सहा महिन्यांत आवाज वर उचलून देतात.

"शनिवारी किती वाजता?" चिमणीने विचारलं.

"अकराला. मी येते ना तुझ्याबरोबर."

संमेलनाच्या निवडीबद्दल तिने घरी अजून सांगितलं नव्हतं. आत्ता सांगावं असं वाटलं, तोंड उघडलंही, पण मग ती नुसतं पाणी प्यायली. रात्रभर ती कुशी बदलत राहिली.

मंगळवारी मिस्त्रीकडे जायचं होतं, पण शाळा सुटून घरी आली तर बाबा बटणं आणायला गेलेले, आई मागे कपडे वाळत घालत होती, आणि दुकान रिकामं. अशी संधी पुन्हा मिळायची नाही. तिने गिटार खाली काढलं, कापायच्या टेबलावर काळ्या सुटाच्या कापडावर आडवं केलं, तारा सोडवल्या आणि मशीनच्या हत्यारांच्या डब्यातली कानस घेतली.

आता इथे जे घडलं ते फक्त शिंप्याच्या घरात घडू शकतं. चिमणी ज्या घरात वाढली तिथे कुठलीच गोष्ट नेमक्या मापाची कापत नसत. शिवणीच्या आत कापड जास्तीचं ठेवायचं, त्याला माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. "माया सोड" हे वाक्य तिने पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं. तेव्हा तिने जाड तार खाचेवर धरली, माप डोळ्यांत घेतलं, आणि पाव सूत माया धरून कानस चालवली. सहाही खाचांना. पुढे आणखी जाड तारा लावाव्याशा वाटल्या तर असाव्यात म्हणून. हाडाची पांढरी पूड काळ्या कापडावर पडत होती आणि ती ती फुंकरीने उडवत होती. आपण किती दूरचा विचार करतो याचं तिला कौतुक वाटत होतं.

टोकं सोलून तारा चढवल्या. पाच घरं खाली लावल्या. तिने सगळ्यात जाड तार छेडली.

आवाज खोल आला, पोटात जाणवावा इतका खोल. तिच्या अंगावर काटा आला. आणि लगेच त्या आवाजाला मागून एक झणझण लागली, डबीत माशी कोंडावी तशी. तिने दुसरी तार छेडली. तिथेही माशी. बोट जरा आडवं लागलं की तार खाचेत सरकायची आणि सूर हलायचा. बाबांच्या चपला वाजल्या तेव्हा तिने गिटार पिशवीत कोंबलं आणि म्हणाली, "सरावाला नेतेय."

"ने," बाबा म्हणाले. ते टेबलाकडे बघत होते.

बुधवारी चष्मिशच्या घरच्या गच्चीवर सराव झाला. लांबडीने दोन ओळी बादली वाजवली आणि थांबली. "हे काय, पत्र्यावर वाटाणे पडतायत का?"

"नवीन तारा आहेत. बसतील."

"तारा बसतील. पण निवडीत बाई आपल्याला बसू देतील का?"

चष्मिशने चष्मा पुसला. ती गंभीर झाली की पुसायची. "भोंग्या, ऐक. जुन्या तारा परत लाव. मी वरच्या पट्टीत गाते. गाणं तुझंच राहील, खाली नाव तुझंच."

चिमणीने गच्चीवर तीन फेऱ्या मारल्या. मग दप्तरातून जुन्या तारा काढल्या. एक नवी तार बाजूला करून बारीकातली बारीक तार तिने त्या खाचेत ठेवली. ती खाचेत बसलीही नाही. तळाशी जाऊन पडून राहिली, मोठ्या भावाच्या कोटात धाकटा उभा करावा तशी. तिने हात काढून घेतला. जाड तारा वाजत नाहीत, बारीक तारा राहत नाहीत. म्हणजे चष्मिशही गाऊ शकत नाही, तीही गाऊ शकत नाही, आणि बाबांचं गिटार तिने मोडलंय.

"शुक्रवारपर्यंत द्या मला," ती म्हणाली.

"शुक्रवारी काय होणार आहे?" लांबडीने विचारलं.

"ते शुक्रवारी कळेल."

गुरुवारी शाळा सुटल्याबरोबर ती पळतच जिन्याखाली गेली. मिस्त्रीने भिंग डोळ्यावर घेऊन नट पाहिला आणि त्याच्या मिशा हलल्या.

"मास्तरांची पोर ना तू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हे गिटार मी ऑर्केस्ट्राच्या वेळेपासून ओळखतो. आणि दुसरं म्हणजे इतकी सैल खाच दुसरं कोण सोडेल? सुतार असता तर घट्ट केली असती." त्याने तार दोन्ही बाजूंना हलवून दाखवली. "कापडात जास्तीचं राहतं म्हणून माया सोडतात. इथे कानस फक्त काढते. जे काढलंस ते गेलं."

"बुजवता येईल?"

"हाडाची पूड आणि गोंद. पण ते ठिगळ. मी नवीन नट करतो. गिटारला काही झालेलं नाही, रडू नकोस."

"मी रडत नाहीये."

"मग नाक पूस." त्याने खणातून हाडाचा एक कोरा तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला. गुळगुळीत, एकही खाच नसलेला. "उद्या सकाळी शाळेआधी तुझं काम पहिलं घेतो. नट, ब्रिज, सगळं. पण एक सांगून जा. खाचा बारीक तारांच्या पाडू की जाड? बारीक पाडल्या तर गिटार होतं तसं होईल. जाड पाडल्या तर ते खालीच राहील. आणि हे मी तुझ्या एकटीच्या शब्दावर करणार नाही. मास्तरांना घेऊन ये."

ती कोरा तुकडा मुठीत धरून घरी आली. दुकानात बाबा पँटच्या पायाला खडूची रेघ मारत होते, आई खुर्चीत बसून काजं करत होती. चिमणी दारातून आत आली, आरशापर्यंत गेली, परत दारापर्यंत आली.

"बाबा, मला सांगायचंय काहीतरी."

"सांग की," बाबा म्हणाले. "मंगळवारपासून वाट बघतोय." त्यांनी टेबलाच्या खणातून कागदाची पुडी काढून उघडली. आत चिमूटभर पांढरी पूड होती. "काळ्या सुटावर सापडली. मला वाटलं खडू. बोटांत चोळली तर खडू नाही. पस्तीस वर्षं खडू चोळतोय मी."

मग तिने सगळं सांगितलं. कानस, माया, माशी, वाटाणे, संमेलनाची निवड, चष्मिश. बाबा मधे एकदाच बोलले.

"किती माया सोडलीस?"

"पाव सूत."

"सहाही ठिकाणी?"

"सहाही."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण हाताखाली तोंड हसत होतं की काय ते नीट दिसलं नाही. मग हात काढला तेव्हा हसू नव्हतं. "हत्यार लावू नकोस म्हटलं होतं मी."

"हो."

"उद्या मिस्त्रीला सांगू, होतं तसं करून दे. ती चष्मिश गाईल. शनिवारी तू आईबरोबर क्लासला जा. विषय संपला."

मुठीतलं हाड गरम झालं होतं. चिमणीला वाटलं, आता ओठ हलवायचे आणि आत जायचं, तसंही दोन वर्षांची सवय आहे. पण पाय काही आत जाईनात.

"बाबा, शर्ट बसला नाही तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता? हात कमी करून या?"

"चिमणे, तोंड सांभाळ," आई म्हणाली, तिच्या त्या कपबशीच्या आवाजात.

"मी फक्त विचारलं."

"विचारायला काय जातं? उद्या नोकरीसाठी फोन येईल, पलीकडचा तुला 'साहेब' म्हणून बोलेल. लोक हसतील. मला माहीत आहे ते." सुई बोटात टोचली तशी आई थांबली, आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघालं ते कुठल्या तरी वेगळ्याच ठिकाणाहून निघालं. खालून, ढाल्या आवाजात, चिमणीच्याच. "मलाही नेलं होतं अशा एका बाईंकडे. तुझ्याएवढीच होते."

बाबांनी खडू खाली ठेवला. चिमणी आईकडे बघत राहिली. हा आवाज तिने आधीही ऐकला होता, मशीनची सुई तुटली की आई जे पुटपुटायची त्यात, पण तो आईचा खरा आवाज आहे असं तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मग? उचलला त्यांनी?" तिने विचारलं.

"उचलला ना. तेव्हापासून धरूनच बसलेय." आईने घसा खाकरला. आवाज परत वर गेला. "हात दुखून येतात तसं होतं कधीकधी."

चिमणीने गिटार पिशवीतून काढलं. तारा होत्या तशाच होत्या, माशीसकट. तिने हलक्या बोटाने, जमेल तेवढं जपून, जाड तार छेडली आणि तिला सोपं पडतं तिथून दोन्ही ओळी म्हटल्या. माशी झणझणली. एकदा सूर सरकला. ती थांबली नाही. बाहेर एक गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून ऐकू लागलं होतं, त्याला बाबांनी हाताने बस म्हणून खूण केली.

गाणं संपल्यावर बाबांनी गळ्यातला टेप काढला, पुन्हा घातला. काय करावं सुचलं नाही की ते असंच करत. आईचं काज अर्धं राहिलं होतं.

चिमणीने मूठ उघडली आणि हाडाचा तुकडा कापायच्या टेबलावर, खडूच्या रेघेशेजारी ठेवला.

"उद्या सकाळी आपण तिघं मिस्त्रीकडे जाऊ. यात खाचा जाड तारांच्या पडणार आहेत, तारेच्या मापाच्या, माया न सोडता. हत्यार लावलं ते चुकलं, त्याबद्दल तुम्ही सांगाल ते मी करीन, महिनाभर सगळ्या पँटची टोकं दुमडीन. पण शनिवारी अकराला मी त्या बाईंकडे जाणार नाही. शाळेत जाऊन गाणार आहे, माझं गाणं, माझ्या पट्टीत. निवड नाही झाली तरी क्लासला जाणार नाही. आई, तुला शनिवारी अकराला माझ्याबरोबर यायचंच होतं ना, तर तू शाळेत ये."